एकच फेरी

पालखी अजून शेजारच्या घराच्या खळ्यात, अंगणात नाचत होती. निलेश खांदा बदलून घोटभर पाणी प्यायला पुढे आला, तर गोदूबाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं.

"एकच फेरी," त्या म्हणाल्या. "तुळशीला एक फेरी घाल नि उतरव. दुसरी नको."

"काकी, आम्ही चौघं असतो खांद्याला. मी एकटा कसा ठरवू?"

"पुढच्या दांड्याला तू हायस. पुढचा वाकला की मागचे वाकतात. मना नको शिकवू."

शिमग्यासाठी मुंबईत भांडून रजा घ्यायची आणि इथे येऊन फेऱ्या चोरून देवाशी लबाडी करायची, हे काही निलेशला पटलं नाही. पण ओटीवर बसलेल्या काकांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने मान हलवली.

लवू तांडेल एकाहत्तर वर्षांचे. धुवट सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर सनई. हृदय पाव हिश्श्यानेच काम करतंय, नातवाचा फुगासुद्धा फुगवायचा नाही, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दिवाळीत बजावलं होतं. फुगा त्यांनी खरोखरच फुगवला नाही. तेवढं ऐकलं.

सनईचं खूळ त्याच्या आधीचं. चार वर्षांपूर्वी गुहागरला एका लग्नात त्यांनी ती हातभर अंतरावरून ऐकली. वाजवणारा त्यांच्याहून म्हातारा होता. पंगती उठल्या, मांडव सोडायला माणसं आली, तरी हे तिथेच बसलेले. घरी येऊन म्हणाले, "गो, मी आपल्या पालखीपुढं वाजवणार." पूर्णगडात ज्याने त्याने हसून घेतलं. गावचा सनईवाला विठू तेवढा हसला नाही, त्याने शिकवायला घेतलं. गालात हवा धरायची, नाकाने श्वास ओढायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. त्यासाठी तांडेल पाण्याच्या पेल्यात पपईची नळी फुंकत बसायचे. दिवाळीपासून तो बुडबुड्यांचा आवाज थांबला रे थांबला की गोदूबाई हातातलं काम टाकून ओटीवर धावायच्या.

ढोल जवळ आला.

"अवो," गोदूबाई म्हणाल्या, "विठू वाजवील. तो काय नाय म्हणणार हाय?"

"मग मी काय करू? खुर्चीत बसून वाट बघू?"

कसली वाट, ते त्यांनी सांगितलं नाही आणि गोदूबाईंनी विचारलं नाही.

पालखी खळ्यात शिरली. विठूने वाजवणं थांबवलं आणि बाजूला होऊन तांडेलांना जागा दिली. "ध्यानात हाय ना तांडेल? ज्यानं सूर धरला त्यानंच पालखी उतरेतो न्यायचा. मधी हात बदलत नाय आपल्यात. तुटला तर घराला बरा नसतो."

"तुटायचा नाय."

पहिला सूर फाटकाच आला. खळ्याच्या दगडी गडग्यावर बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मग सूर सापडला, ढोलाने त्याला उचलून घेतलं आणि पालखी तुळशीभोवती फिरू लागली.

गोदूबाईंनी आजवर तुकडे तेवढे ऐकले होते. काजूच्या झाडाखालून येणारी सरावाची किरकिर, अडखळणं, ठसका. सबंध असं कधीच नाही. पंचेचाळीस वर्षं ज्याचं जेवण वाढलं, ज्याचे कपडे धुतले, त्या माणसाकडे हे होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.

अर्धी फेरी झाली. तांडेलांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. विठू इतका वेळ मांडीवर ठेका धरत होता, त्याचा हात थांबला. ढोलवाल्याने ताशेवाल्याकडे पाहिलं. सनई मात्र कुठे अडत नव्हती. उलट मघापेक्षा मोकळी झाली होती. गडग्यावरचे सगळे आता उभे राहून ऐकत होते.

फेरी पुरी झाली. निलेश शब्दाला जागला. तुळशीसमोर अंथरलेल्या सतरंजीकडे त्याने दांडा वळवला आणि गुडघा वाकवला.

तांडेलांनी ते पाहिलं. त्यांनी सनईवरून नजर उचलून बायकोकडे बघितलं. सनईवरच्या ओठांचा रंग उतरून ते जांभळे दिसत होते. घाबरलेली नजर गोदूबाई ओळखत होत्या, दिवाळीपासून रोज पाहत होत्या. ही ती नव्हती. मुलगी झाल्याचं कळल्यावर बंदरातून धावत आलेल्या माणसाची ही नजर होती, आणि ती त्यांनी त्यानंतर कधी पाहिली नव्हती.

"काकी, बाजूला हो," निलेश दबक्या आवाजात म्हणाला. "उतरवतोय."

सतरंजीच्या कडेला उभ्या गोदूबाई हलल्या नाहीत. पालखी सतरंजीपासून दोनच हातांवर आली होती. एवढी पालखी टेकली की सनई थांबेल, तांडेल ओटीवर बसतील, गोळी घेतील, संध्याकाळी पेज खातील. उद्याही खातील.

त्या वाकल्या. सतरंजीचं टोक धरलं आणि सावकाश ती गुंडाळून घेतली.

देवाची पालखी उघड्या जमिनीवर टेकवत नाहीत. निलेश गुडघ्यात वाकलेला तसाच राहिला आणि काकीच्या तोंडाकडे बघू लागला. मागच्यांचा रेटा आला तसा तो उठला. पालखी पुन्हा खांद्यावर चढली, आणि सतरंजीची वळकटी पोटाशी घट्ट धरून गोदूबाई नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहिल्या.