नाव दोनदा वाचलं जातं

ग्राहकांची गुप्त फाइल बाहेर फुटली. कोणी कोणती फाइल उघडली याच्या नोंदींमध्ये त्या फाइलपुढे एकच नाव सापडलं, सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईचं. "अहो, ती उघडणं हे माझं रोजचं कामच आहे!" ती कळवळून सांगत राहिली, तरी कंपनीने तिला घरी बसवलं.

ती बाई त्याच कंपनीत प्रोग्रामर असलेल्या थोरल्या वहिनीची जिवलग मैत्रीण. आणि सर्व्हरच्या प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, या नोंदी ठेवणारा कोड वहिनीनेच लिहिलेला. स्वतःचाच कोड उलटून-पालटून तपासता तपासता शेवटी तिला फट सापडली. सकाळी चहाच्या वेळी तिने धाकट्या दिराला सगळं सांगितलं. तोही त्याच कंपनीत प्रोग्रामर होता.

"भाऊजी, फाइलचं नाव दोनदा वाचलं जातं. एकदा नोंद करताना, एकदा उघडताना. मधल्या क्षणात प्रोग्रामने नाव बदललं, तर नोंद होते भलत्याच साध्या फाइलची आणि उघडते गुप्त फाइल! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हो आपण. आता त्या दिवशी चाललेला एकेक प्रोग्राम तपासायला घेते."

दिराने कप खाली ठेवला. उठून त्याने आईच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.



"वहिनी, फट तू खुशाल बुजव. पण त्या दिवसाचं काही उकरू नकोस. माझं नाव निघालेलं आईला सहन नाही व्हायचं."