दरवेळी प्रणालीच लागते

"माय, मले कामावरून काढलं."

अकोल्याच्या भाजीबाजारात आईच्या दुकानासमोर बॅग टेकवून प्रणाली एकदाची बोलून मोकळी झाली. अमरावतीपासून एसटीत ती हेच वाक्य मनात घोळवत आली होती. जमुनाबाईनं मात्र वांग्यांवर पाणी शिंपडणं थांबवलं नाही.

"काहीबाही बोलू नको. तुले कोन काढते?"

"कंपनीनं आमाले साऱ्याइलेच काढलं. आता मशीनच फोन उचलते."

"मशीन!" जमुनाबाई हसली आणि शेजारच्या माणिकबाईकडे वळली. "आयकलं काय वं? सकाळी पैशाचं ॲप अटकलं, तं इनंच फोन उचलला, इनंच चालू करून देल्लं. पयले दुसऱ्याच पोट्ट्या लागत. आताशा दरवेळी हेच लागते. अन् म्हन्ते मले काढलं! मायची मस्करी करून राहिली."

प्रणालीला एकदम उलगडा झाला.

उन्हाळ्यात कंपनीनं ऑफिसातल्या पोरींना एकेक करून काचेच्या खोलीत माईकसमोर बसवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलता तसंच वऱ्हाडीत बोला, म्हणाले. फोन ठेवण्याआधी प्रणाली प्रत्येक भाजीवालीला सांगायची, मावशी, उन्हात बसू नका, पाणी पेत जा. ते ऐकून साहेब तर बेहद्द खूश. टाळ्या वाजवल्या लेकाच्यानं! आणि ही येडी लाजत लाजत तेच पुन्हा पुन्हा बोलली. काल त्याच साहेबानं खर्च कमी करायचं नवं धोरण समजावून सांगितलं. तेही हसतच.

"माय, सकाळी फोनवर मी नव्हती. आवाज तेवढा माया होता."

"पोटच्या पोरीचा आवाज मले समजत नाही काय?" जमुनाबाईला आता रागच आला. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा मोबाईलचा स्पीकर लावला आणि ॲपवाल्या कंपनीचा नंबर फिरवला.

"नमस्कार मावशी, सांगा, काय अडचन आहे?"

"पाय, मले मावशी म्हन्ते," जमुनाबाई माणिकबाईला म्हणाली. "डुटीवर मायलेबी मावशीच म्हना लागते. इनंच सांगतलं होतं."

माणिकबाई प्रणालीच्या तोंडाकडे बघत होती. मग जमुनाबाईनंही तिकडे पाहिलं. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे वाहत होते.

बाजारात दिवे लागले होते. जमुनाबाईनं मोबाईल खाली ठेवला नाही, उलट तोंडाजवळ धरला. समोर उभ्या पोरीला विचारायचा तिला धीरच झाला नाही.

"प्रणाली," ती फोनला म्हणाली, "तुले खरंच काढलं काय वं?"

"काळजी नका करू मावशी. मी चोवीस तास इथंच आहो. उन्हात बसू नका, पाणी पेत जा."