टाचेवरचा निळा फोड

बनशंकरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पद्माकरांच्या नातीच्या टाचेवरचा निळा फोड अंगठ्याने दाबला. बोट उचलताच तो पुन्हा टम्म फुगला. "असेच आतड्यातही आहेत, कॅमेऱ्यात दिसले. तिथून रक्त झिरपतं, म्हणून पोर पांढरीफटक पडलीय. गोळ्यांनी आकसतील. वेळेवर आणलंत, अण्णा." सुनेने डोळे पुसत हात जोडले. पद्माकर मात्र त्या टाचेकडेच बघत राहिले. गेल्या वर्षी वारलेल्या बायकोच्या टाचेवर असाच फोड होता. पाय चेपताना ते तो मुद्दाम दाबायचे, ती खळखळून हसायची. ती पांढरी पडत गेली, तेव्हा त्यांनी बीट, खजूर, लोहाच्या गोळ्या आणल्या. शौचाला काळं होतंय म्हणाली, तर "गोळ्यांनी होतं तसं," त्यांनीच समजावलं. नातीने पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. "आजोबा, दाबून बघा ना, गंमत होते!" पद्माकरांनी ती टाच दोन्ही हातांनी झाकून घेतली.