सासूबाईंचं सोनं

तिसऱ्या दिवशीही पट्टीवर लाल रेघ उमटली.

"अभिनंदन, जावईबापू," इर्मेली म्हणाली. "नाव काय ठेवणार?"

"मुलगी झाली तर तुमचंच, सासूबाई," ओस्सी म्हणाला.

दोघं हसली, पण इर्मेलीचं हसू लगेच मावळलं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या त्या छोट्या कारखान्यात गर्भचाचणीच्या पट्ट्या बनत. रेघेचा तो लाल रंग म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, आणि ते सोनं सत्तावीस वर्षं इर्मेलीच उकळवत आली होती. रोज सकाळी दहा नव्या पट्ट्या तपासायच्या, आणि त्यासाठी लघवीचा नमुना द्यायचा तो पॅकिंगमधल्या तिच्या जावयाने. तिशीतल्या या गड्याच्या नमुन्यावर रेघ उमटणं शक्यच नव्हतं. उमटलीच, तर सोनं बिघडलं असं धरायचं.

सोन्याचे नखरेही फार. भांड्यात मिठाचा अंश राहिला तरी कण एकमेकांना चिकटतात, लाल द्रव निळा पडतो आणि पट्टीवर नको तिथे अडकून बसतो. पण इर्मेलीचा द्रव चांगला लालचुटुक होता.

मॅनेजर केत्तुनेनबाई दारातूनच म्हणाल्या, "इर्मेली, हात थकतात माणसाचे. आज दुपारपर्यंत वाट बघते. नाहीतर सोमवारपासून तयार सोनं मागवू. तुम्ही मग घरी आराम करा."

त्या गेल्यावर ओस्सी उखडला. "हात थकतात म्हणे! थकलेली असते ती यांची कॉफी!"

तो स्टुलावर टेकला आणि लगेच उठला.

"मुंग्या चावतायत का रे?"

"सायकलचं सीट. जांघेत नुसतं ठणकतं."

"नवं घेतलंस ना?"

"घेतलं. तेही दगडच निघालं."

इर्मेलीने काचेचं भांडं पुन्हा तीनदा धुतलं. तिला रडू येत होतं. सोन्यावर संशय घ्यायचा म्हणजे पोटच्या पोरीवर घेतल्यासारखं वाटत होतं. भांडं पुसता पुसता ती थांबली.

"ओस्सी, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नमुना लावून पाहिलाय आपण?"

"तुमचाच लावा. साठीत चमत्कार झाला तर पेपरात फोटो येईल."

तिने खरंच लावला. दहा पट्ट्या, दहाही कोऱ्या.

मग तिने कपाटातून वसंतातल्या जुन्या पट्ट्या काढल्या. त्या वेळी त्या निर्दोष ठरल्या होत्या. त्यांच्यावर तिने ओस्सीचा नमुना टाकला. पाच मिनिटांत रेघ आली.

ओस्सीने टाळीच वाजवली. "बघा! सोनं अस्सल आहे तुमचं! बोलावू त्या केत्तुनेनबाईंना?"

इर्मेली पट्टीकडेच बघत होती. "हे ठणकणं कधीपासून आहे?"

"सीट बदललं तेव्हापासून. नाही, आधीपासूनच. म्हणून तर बदललं."

दाराजवळ एक खोका बांधून ठेवलेला होता. दर महिन्याला असा एक खोका हॉस्पिटलच्या कर्करोग विभागात जाई आणि ओस्सीच तो सायकलवरून पोचवी. इर्मेलीने त्याच्यावर हात ठेवला.

"तिकडे या पट्ट्या कशाला लागतात, कधी विचारलंस?"

"नाही. असतील बायकांसाठी."

"पुरुषांसाठी, ओस्सी. वृषणात एका जातीची गाठ झाली की त्यांच्याही नमुन्यावर हीच रेघ येते."

ओस्सीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं; ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. इर्मेलीने खुंटीवरचा त्याचा कोट काढला, त्याला घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"लवकर सापडली तर बरी होते," ती म्हणाली. "आज खोका मी उचलते, बाळा. तू नुसता चल."