कोपऱ्यातली तारीख

“ही तारीख वाचा.” वासुदेवरावांनी संदर्भसूचीवर बोट ठेवलं.

“एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव,” मयुरीनं वाचलं.

“आणि खालची?”

“तीच, सर.”

“त्याच्या खालचीही तीच. इंटरनेटवरची सगळी पानं एकाच दिवशी पाहिलीत? तेव्हा तुम्ही शाळेत होतात. आणि या पानावर विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे आकडे आहेत, दोन हजार दोनचे. आधीच पाहून ठेवलेत?”

परीक्षेच्या खोलीत पंखा करकरत होता. मयुरीनं मान वर केली नाही. “प्रिंटवर तेच हाय, सर. खाली कोपऱ्यात. पाहून पाहून लिहिलं मी.”

वासुदेवरावांनी प्रबंधाच्या शेवटी जोडलेल्या प्रिंट उलटल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तीच तारीख होती. “मग प्रिंटच बनावट आहेत. पान टाइप करायचं, खाली पत्ता आणि तारीख टाकायची. हल्ली कोणीही करतो.” नागपूरहून आलेले हे परीक्षक आवाज चढवत नसत. त्यामुळे ते अधिकच लागलं.

शेजारच्या खुर्चीवर सुलोचनाबाई होत्या, मयुरीच्या मार्गदर्शक. हा नियम त्यांचाच होता. पान कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आपण कधी पाहिलं, हे तिन्ही द्यायचं. आणि प्रिंट जोडायची, कारण आजचं पान उद्या तिथं असेलच असं नाही. सकाळी स्वप्निलचा प्रबंध याच टेबलावर होता. त्याच्या प्रिंट, त्याच्या तारखा, सगळं कसं ओळीत. “संदर्भ असे द्यावेत,” वासुदेवराव म्हणाले होते. “पानं कुठं पाहिलीत?” त्यांनी कौतुकानं विचारलं, तेव्हा स्वप्निल हसला होता. “स्टेशन रोडच्या कॅफेत, सर. प्रिंटबी तिथंच काढल्या. पुलगावात नेट हायच कुठं दुसरीकडे?”

मयुरीनंही त्याच कॅफेचं नाव सांगितलं होतं.

“निकाल रोखावा लागेल,” वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी शेऱ्याच्या कागदावर लिहायला घेतलं.

व्हरांड्यात मयुरी खांबाला टेकून उभी होती. जूनपासून देवळीच्या ज्युनिअर कॉलेजात ती शिकवणार होती. अट एकच, एम.एस्सी. पूर्ण हवं.

“देवळीचं गेलं ना, मॅडम?”

“वेडे, ती तारीख लिहिताना तुला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना. कॅफेवाल्या निकेशभाऊले विचारलं, तं तो म्हने, पान वाच, तारीख काऊन पाहतं? खरी तारीख मले आठवत नव्हती. अन् तुम्हीच म्हनता जी, रीडिंग आवडलं नाई म्हनून बदलायचं नसते.”

सुलोचनाबाईंनी हे वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलांना थर्मामीटर हातात देताना सांगितलं होतं.

संध्याकाळी परीक्षकांना स्टेशनवर सोडायला त्या स्वतः निघाल्या. खांद्याला पर्स होती, पर्समध्ये पेढ्यांचा डबा. स्वप्निलच्या वडिलांनी, रूपरावांनी, दुपारीच आणून दिला होता. “पोरगं तुमच्यामुळे निघालं, मॅडम,” असं म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

कॅफेपाशी सुलोचनाबाई थांबल्या. “सर, गाडीला वेळ आहे. दोन मिनिटं आत याल?”

लाइन नुकतीच आली होती. निकेश मेणबत्ती विझवत होता. दुकानात कॉम्प्युटर एकच, त्यावर पंचा टाकलेला. त्यानं पंचा काढून मशीन सुरू केलं.

“तुम्हीच बसा, सर,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “तुमच्या विद्यापीठाचं पान उघडा आणि एक प्रिंट काढा.”

वासुदेवरावांना ते आवडलं नाही, पण बसले. पान सावकाश उघडलं. प्रिंटर खडखडला. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा वर केला आणि पुन्हा डोळ्यांवर घेतला.

तळाशी कोपऱ्यात एक जानेवारी अठ्ठ्याण्णव होती.

“हे काय?”

“त्याच्या घड्याळाचा सेल गेला हाय, सर,” निकेश म्हणाला. “लाइन गेली का थो पुन्हा अठ्ठ्यान्नवात जाते. अन् आपल्या इकडे लाइन तं रोजच जाते.”

“कधीपासून?”

“सेकंडहँड घेतलं तवापासून. सेल टाकू टाकू म्हन्तो, राहूनच जाते. पन पान तं साजरं निघालं ना?”

वासुदेवराव हसले. आधी थोडं, मग मनापासून. त्यांनी बॅगेतून शेऱ्याचा कागद काढला, आपली ओळ खोडली, खाली नवीन लिहिली आणि सही केली. “मुलीनं दिसलं ते लिहिलं. तिला म्हणावं, यापुढे खाली एक टीपही द्यायची. घड्याळावर माझा विश्वास नाही, म्हणून. देवळीला जाऊन तेही शिकवू दे पोरांना.”

सुलोचनाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी पर्समधून डबा काढला. एक पेढा वासुदेवरावांना दिला, एक निकेशला, एक स्वतः घेतला.

“हो, आणि ही तुमच्या ग्रंथालयाची प्रत,” वासुदेवराव बॅगेत हात घालत म्हणाले. “सकाळची. माझ्याकडेच राहिली होती.”

स्वप्निलचा प्रबंध होता. सुलोचनाबाईंनी सहज शेवटची पानं उघडली. पेढा हातातच राहिला.

एकाही प्रिंटवर तारीख चुकलेली नव्हती.