धुतलेली पानं

दसऱ्याच्या सकाळी विमलताईंच्या ओसरीवर आंब्याच्या पानांचा ढीग पडला होता. वैष्णवीनं सवयीनं आधी बादली मागितली. विमलताईंनी काही न विचारता पाण्यानं भरलेली बादली आणि एक पांढरं फडकं तिच्यापुढं ठेवलं आणि स्वतः झेंडूची फुलं दोऱ्यात ओवायला बसल्या.

वैष्णवी काल राजूरहून आली होती ती पोरीला न्यायला. अपेक्षा सात वर्षांची. दम्यानं फार छळलं म्हणून गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर तिला इथं, झरी जामणीकडच्या या जंगलातल्या गावात, आत्याकडं ठेवलं होतं. चार महिन्यांसाठी ठेवलं आणि वर्ष उलटलं. विमलताईंना मूलबाळ नाही. पोरगी फोनवर सारखी आत्याचं कौतुक सांगायची आणि तिकडं राजूरला आईचा जीव कासावीस व्हायचा. दुपारच्या बसनं तिला घरी न्यायची, संध्याकाळी नवरा, मारोती, खाणीतून आला की तिघांनी मिळून सोनं वाटायचं, असं मनाशी पक्कं करूनच वैष्णवी निघाली होती. नणंदेशी दोन हात करायचीही तयारी होती. पण इथं येऊन पाहते तर थैली आधीच भरून खुंटीला लटकलेली, शाळेचा दाखला वरच ठेवलेला. थैली अपेक्षानंच भरली होती, आठ दिवसांपूर्वी. भांडायची तयारी करून आलेल्या बाईची याहून मोठी पंचाईत नाही.

तिनं एकेक पान बुडवायचं, वरून पुसायचं, खालून पुसायचं, सुपात टाकायचं असं सुरू केलं. राजूरचं तिचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. तिथं तोरणाच्या पानांना तीन पाणी लागतात. पहिलं पाणी चुलीवरचं भगोनं घासल्यासारखं काळं निघतं, दुसरं राखाडी, तिसऱ्यात पान हिरवं दिसायला लागतं. एवढं करून लावलेलं तोरण संध्याकाळपर्यंत पुन्हा काळवंडतं. शेवटी कंटाळून तिनं वणीच्या बाजारातून प्लास्टिकचं तोरण आणलं. ते निदान नळाखाली धरता येतं.

तेवढ्यात अपेक्षा वावरातून धावत आली. हातात कुरडूचे गुलाबी तुरे, ओंजळीत न मावणारे. झेंडूच्या मधेमधे हे लावायचे, असं आत्याचं आणि तिचं ठरलं होतं. वावर काही जवळ नव्हतं. वैष्णवीचा हात थांबला. कान आपोआप पोरीच्या छातीकडं गेले, ओला हात पिशवीतल्या दम्याच्या पंपाकडं गेला. छातीतली शिट्टी ऐकू आली नाही. धावून आलेलं कुठलंही पोर टाकतं तसा साधा श्वास होता. तोही दोन मिनिटांत बसला.

अपेक्षानं तुरे आत्यापुढं टाकले आणि ती बादलीजवळ उकिडवी बसली.

"आई, पानं काहून धुवून राह्यली?"

"धूळ राह्यते ना त्याच्यावर."

पोरीनं वाकून बादलीत पाहिलं. "कुठी?"

वैष्णवीनंही पाहिलं. चाळीसेक पानं धुऊन झाली होती. बादलीचं बूड दिसत होतं, बुडावरचा जुना चरासुद्धा दिसत होता. फडकं अजून पांढरंच होतं. हीच पोर राजूरला तिच्या शेजारी छोटं फडकं घेऊन बसायची आणि पाणी काळं झालं की टाळ्या वाजवायची. पानं धुवावी लागतात हे ती एका वर्षात विसरून गेली होती. नणंदेनं शंभर गोष्टी सुनावल्या असत्या तरी वैष्णवीला एवढं लागलं नसतं. विमलताई फुलं ओवत राहिल्या.

तोरण झालं. पान, झेंडू, कुरडू, पुन्हा पान. वैष्णवीनं स्टुलावर चढून ते दाराला बांधलं. खाली उतरली, खुंटीवरच्या थैलीतून दाखला काढला आणि विमलताईंच्या हातात दिला.

"ताई, हा शाळेत वापस देऊन द्या."

विमलताईंनी कागद उलगडला. "नेत नाहीस का तिले?"

"न्याचीच हाय. आत्ता नाही."

अपेक्षाला जवळ घेऊन तिनं सांगितलं की दिवाळीला आई-बाबा दोघंही इकडं येतील, आणि छाती पुरती बरी झाली की मग घरी. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं थैलीकडं पाहिलं, दारावरच्या तोरणाकडं पाहिलं आणि ओसरीवर गेली. सुपात दहा-बारा पानं उरली होती. ती तिनं बादलीत बुडवली, आईसारखीच एकेक वरून पुसली, खालून पुसली. ओल्या फडक्यात गुंडाळून वर गाठ मारली.

बस आली तेव्हा तिनं ते गाठोडं खिडकीतून आईच्या हातात दिलं.

"घरी लावजो. आन् बाबाले सांगजो, धुवाचं काम नाही."

राजूरला उतरली तेव्हा रस्त्यानं ट्रकांची रांग चालली होती. वैष्णवीनं गाठोडं छातीशी धरलं आणि त्यावरून पदर ओढून घेतला.