एक आणि अर्धी

नव्या प्रोजेक्टच्या प्रोग्रामिंग भाषेने त्याच्या नाकी नऊ आणले होते. कोडमध्ये नुसते आकडे ओळीने दिलेले तिला चालतच नव्हते. प्रत्येक आकड्याआधी तो कशाचा, हे लेबल लावायचं. एक जरी राहिलं, की स्क्रीनवर लाल रेघ.

"आधी रुंदी, मग उंची, हे शेंबड्या पोरालाही कळतं!" तो शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीजवळ करवादला. "या भाषेला काय दर वेळी बाराखडीपासून शिकवायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. आज सकाळीच परगावाहून आलेला धाकटा भाऊ घरी बाबांजवळ होता.

"दादा, बाबा जेवले. इथे गोळ्यांची दोन पाकिटं आहेत. किती किती देऊ?"

"एक आणि अर्धी. आणि कामात असताना फोन करत जाऊ नकोस रे!"

त्याने फोन आपटला. बीपीची आधी, शुगरची मग. यात सांगायचं काय असतं?

दुपारी पुन्हा फोन वाजला.



"दादा, बाबांना दरदरून घाम फुटलाय, हाका मारल्या तरी ओ देत नाहीयेत... तू म्हणालास तसंच दिलं रे, शुगरची एक आणि बीपीची अर्धी!"